पापड तडकण्याची कारणे

रोह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी कविता शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर मला संख्याशास्त्र शिकण्याची हुक्की आली, तेव्हा घरच्यांनी ती एखाद्या व्रतासारखी सोसली. नवऱ्याने एवढेच विचारले, "यात वृत्तं असतात का?"

वर्ग रविवारी सकाळी, नदीकाठच्या एका शाळेत भरत असे. शिकवणारे सर धाटावच्या कुठल्याशा कंपनीत मालाचा दर्जा तपासण्याच्या विभागातून निवृत्त झालेले. बोटांना अजून आम्ल लागले असावे, तशी ती एकमेकांपासून दूर धरून ते बोलत. शेवटच्या तीन महिन्यांत प्रत्येकाने खऱ्या जगातला एक प्रश्न घेऊन त्यावर समाश्रयणाचे प्रारूप बांधायचे होते. या भारदस्त शब्दाचा अर्थ सरांनी फार साधा करून सांगितला. एखादी गोष्ट कमीजास्त होते, ती कशाकशाच्या आधाराने होते ते मोजायचे. ज्यांच्यावर संशय, ते चल. प्रत्येक चलापुढे गणित एक आकडा लिहून देते: याचा वाटा इतका.

"सगळं कौशल्य चल निवडण्यात आहे," सर म्हणाले. "आकडेमोड काय, यंत्र करतं."

हे मला लगेच पटले. ओळीत कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा, यावरच माझे पोट चालत आले आहे. वर्गातल्या कंपनीवाल्या मुलांनी तापमान, दाब असले सभ्य विषय घेतले. मी पापड घेतले.

पेणला माझी आत्या राहते. तिच्या गल्लीतल्या सात बायकांचा बचत गट पोह्याचे पापड करतो. पापड लाटून अंगणात वाळत घातले की दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींच्या कडा तडकलेल्या निघतात, आणि तडकलेला पापड पाकिटात जात नाही. कधी शेकड्यात दोनचार, कधी वीस. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे प्रत्येकीला वेगळे ठाऊक होते. मी रविवारचा वर्ग सांभाळून शनिवारी पेणची एसटी पकडायची, वही घेऊन त्यांच्यात बसायचे आणि हे गूढ उकलायचे, असे ठरले.

पहिल्याच शनिवारी गटाच्या अध्यक्षबाईंनी मला मागच्या पडवीत नेले. बाई नेटक्या, आवाज कामाचा.

"ताई, तुम्ही आलात ते बरं झालं. मला एक गोष्ट कागदावर हवीय."

"कुठली?"

"आत्याबाईंच्या चादरीवर जास्त तडकतात. सगळ्या जणींना दिसतंय, कुणी बोलत नाय. वय झालं. हात हलका पडतो. त्यांना आता पाकिटं भरायला बसवायचंय. पण मी सांगितलं तर मी वाईट. तुमच्या गणितात आलं तर गणित वाईट."

माझी आत्या बहात्तर वर्षांची. पोळपाटाशी ती लग्नाच्या आधीपासून बसत आली आहे. तिच्या मनगटातल्या बांगड्या लाटताना वाजत नाहीत, इतके तिचे मनगट स्थिर राहते. फिरते ते फक्त लाटणे, आणि त्याच्याखाली पापड स्वतःहून, जणू कंटाळून, गोल होत जातो. या बाईला पाकिटांना मेणबत्तीची झळ देऊन तोंडे चिकटवायला बसवायचे, आणि ते माझ्या सहीने.

मी वही उघडली आणि वर लिहिले: चल.

लाटण्यांचा आवाज त्या ओसरीवर अखंड असे. हिंग आणि पापडखार यांचा मिळून एक उग्र, जिभेच्या मुळाशी बसणारा वास; खाडीकडून येणारा वारा ओठांवर मीठ ठेवून जाई. मी विचारले, "पापड कशाने तडकतात असं वाटतं?" आणि सातही लाटणी थांबली.

"उन्हानं."

"वाऱ्यानं. खारा वारा आला की कड फुटलीच."

"पोहे जुने असले की."

"अमावास्येला बघा तुम्ही. लिहा, लिहा."

"भांडण झालं की तडकतात," गटातली सगळ्यात धाकटी म्हणाली. ही नुकतीच लग्न होऊन जिते गावाहून पेणात आलेली.

"मग तुझ्या घरचे सगळेच तडकत असतील गो," आत्या म्हणाली.

"माझी सासू इथंच बसलीय, आत्या."

"म्हणून तर बोलले."

मी सगळे लिहून घेतले. घरी येऊन त्यात माझीही भर घातली: उन्हाचा रंग, मुसळाच्या घावांची लय, हवेतला दमटपणा, तिखटाची धार. पंधरवड्यात माझ्या वहीत एकवीस चल झाले. भांडणाला मी शून्य आणि एक असे आकडे दिले होते. मधल्या वारी धाकटी रोज दुपारी फोनवर कळवी, "आज एक. आज एक. आज एकाच्या वर देता येतो का?"

सरांनी ती यादी पाहिली आणि चष्मा काढून पुसला. "मॅडम, जेवायला माणसं पंधरा आणि वाढपी एकवीस. कोणी काय वाढलं ते कळणार कसं?"

"पण प्रत्येकाचा काहीतरी वाटा असेल."

"असेल. तुमच्या कवितेत सगळी विशेषणं खरी असतात म्हणून सगळी ठेवता का?"

हे शरमेचे होते, कारण मी ते इतरांना वीस वर्षे सांगत आले आहे. मी कात्री घेतली. उन्हाचा रंग गेला. लय गेली, मला खरोखर वाईट वाटले. अमावास्या एकच आली होती, तिला साक्षीला दुसरी नव्हती, म्हणून तीही गेली. वारा आणि दमटपणा हे जावाजावांसारखे नेहमी बरोबरच येत. एकीला ठेवले की दुसरीची गरज राहत नसे. शेवटी चार उरले: हवेचा दमटपणा, पोहे किती जुने, बसायची जागा, आणि लाटणारी कोण.

यंत्राने उत्तर दिले. पोह्यांचा वाटा थोडा, दमटपणाचा बरा. आणि 'लाटणारी कोण' या चलात सहा जणींपुढे किरकोळ आकडे होते, सातवीपुढे एक भलामोठा. सातवी माझी आत्या होती.

आता माझे पाप सांगते. त्या संध्याकाळी मी 'लाटणारी कोण' हा चल प्रारूपातून काढून टाकला. मनाशी म्हटले, माणसाला चल म्हणणेच मुळात असंस्कृत आहे. आणि काय आश्चर्य, तो मोठा आकडा नाहीसा झाला नाही. तो उठून 'बसायची जागा' या चलापुढे जाऊन बसला. दाराशेजारची जागा वाईट, असे यंत्र म्हणू लागले. दाराशेजारी बहुतेक दिवस आत्याच बसत असे, ही गोष्ट मी यंत्राला सांगितली नाही.

मी पेणला जाऊन गंभीर चेहऱ्याने जाहीर केले, "दोष दाराचा आहे. तिथून झोत येतो."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. पण गणिताचा मान राखून दाराला गोणपाट लावले गेले. पुढचे आठ दिवस सात बायका भर चैत्रात अंधारात, घामाने निथळत पापड लाटत होत्या. धाकटीचा फोन येई, "ताई, आज भांडण तीन."

तडकणे तसेच राहिले.

रविवारी मी सरांपुढे कबुली दिली. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्त लागले. "दार निर्दोष आहे, मॅडम. चल काढला म्हणून कारण घर सोडून जात नाही. ते शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसतं."

"मग आत्याच्या हातालाच दोष द्यायचा?"

"तेही मला माहीत नाही. तुम्ही वहीत जे लिहिलंय तेवढंच यंत्राला दिसतं. जे लिहिलंच नाही असं काही आहे का, ते तिथं बसून बघा. पूर्ण दिवस बसा."

पूर्ण दिवस मी कधीच बसले नव्हते. दर वेळी दीडच्या एसटीने परत निघत असे. त्या शनिवारी ती एसटी माझी चुकली, आणि कर्तव्यभावनेने नव्हे. पापडाच्या पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायची असते. ती जिभेवर आधी नुसती मऊ लागते, मग तिखट चढते, मग हिंग नाकात जातो, आणि तोवर हात दुसरीकडे गेलेला असतो. पाचव्या लाटीला दीड वाजून गेला होता.

म्हणून जेवणानंतरचा डाव मी प्रथमच पाहिला.

सकाळी उखळात पीठ कुटून झाले की त्याचे चौदा गोळे होत आणि ओल्या फडक्याखाली पातेल्यात राहत. प्रत्येकीने सकाळी एक घ्यायचा, जेवून एक. दुपारी एकेक जण पातेल्यात हात घालून वरचा, मऊ गोळा उचलत गेली. आत्या हात धुण्यात वेळ काढत होती. सगळ्यांचे घेऊन झाल्यावर ती आली, तळाचा गोळा काढला. तो खालून सुकून कवचासारखा झाला होता. मग तिने उखळाच्या आतून वाळलेले पीठ उलथन्याने खरवडले, तेही त्यातच घातले, तेलाचा हात लावला आणि मळू लागली. तिच्या मानेची शीर वर आलेली मला दिसली.

"हा गोळा रोज तूच घेतेस?"

"मग? शेवटचा गोळा वडील बाईनं घ्यायचा. पंगतीत शेवटची कोण बसते?"

"पण हा तर दगड झालाय."

"म्हणूनच. या पोरींना हा लाटता येईल? कड धरायच्या आधीच फुटेल. पीठ टाकायचं काय गो? अन्न हाय ते."

सहा बायका माना खाली घालून लाटत होत्या. त्यांना हे ठाऊकच होते. इतके ठाऊक, की ते कारण म्हणून कुणाच्या मनात आले नव्हते. ऊन, वारा, अमावास्या, सासू, सगळे माझ्या वहीत आले. शेवटचा गोळा आला नाही. तो रीत होता, आणि रीत कोण मोजते?

मी उड्या मारत रोह्याला आले. नवा चल: कितवा गोळा. यंत्राला तो दिला, तर यंत्राने चक्क उत्तर द्यायला नकार दिला.

"देणारच नाही," सर म्हणाले. आता मात्र त्यांच्या डोळ्यांत मजा होती. "जिथं आत्याबाई तिथं शेवटचा गोळा. जिथं शेवटचा गोळा तिथं आत्याबाई. एकदा तरी त्या वेगळ्या झाल्यात का?"

"नाही."

"मग हात वाईट की गोळा वाईट, यंत्राला कळेल कसं? दोघांना वेगळं करा. रोज चिठ्ठ्या टाका. जिला निघेल तिनं शेवटचा गोळा घ्यायचा."

अध्यक्षबाई तयार झाल्या; त्या न्यायी होत्या, हे मला त्या दिवशी कळले. आत्या तयार होईना.

"मी वरचा मऊ गोळा घेऊ आणि तळाचा पोरीच्या पाटावर टाकू? माझं काय डोकं फिरलंय?"

"आत्या, दोन आठवडेच."

"एक दिवस नाय."

मग मला तिला ते सांगावेच लागले. पाकिटांचे. तिने ऐकून घेतले. पदराने पोळपाट पुसला, जो स्वच्छच होता. मग एवढेच म्हणाली, "पाकिटं. बरं." आणि थोड्या वेळाने, "टाक तुझ्या चिठ्ठ्या."

सात चिठ्ठ्या, एकीवर फुली. स्टीलच्या वाटीतून रोज दुपारी एकेक उचलायची. धाकटी कुणाला फुली आली ते वहीत लिही आणि दुसऱ्या दिवशी चादरींवरचे तडकलेले पापड मोजून पाठवी. आठ दिवसांनी मी आकडे मांडले. शेवटचा गोळा कुणालाही येवो, तडकलेले पापड आत्याच्याच चादरीवर. धाकटीला फुली, पापड आत्याचे तडकलेले. धाकटीच्या सासूला फुली, पापड आत्याचेच. अध्यक्षबाईंना तेवढी फुली अजून एकदाही आली नव्हती. गोळ्याचा वाटा जवळजवळ शून्य. हाताचा सगळा.

मी पेणला उतरले. आकडे तोंडावर सांगायला हवे होते. पण सांगण्याआधी दुपारचा डाव एकदा पाहू, म्हणून मागच्या पडवीत पाण्याच्या पिंपाआड उभी राहिले. अध्यक्षबाई वाटी घेऊन फिरल्या. फुली धाकटीला आली. तिने ती वहीत नोंदवली. अध्यक्षबाई आत गेल्या. तोच आत्याने आपला मऊ गोळा निमूट धाकटीच्या पाटावर ठेवला आणि तळाचा दगड स्वतःकडे ओढला. धाकटीने तो मळायलाही घेतला. जणू ताटातली भाकरी एकीकडून दुसरीकडे जावी.

मी पिंपाआडून बाहेर आले. "हे काय चाललंय?"

धाकटी दचकली. "ताई, चिठ्ठी मी खरी लिहिली हो! फुली मलाच आली होती."

"आणि गोळा?"

"गोळा आत्या घेतात. रोजच. नको कसं म्हणू? मोठ्या आहेत."

"सगळ्यांचेच घेतलेस?" मी आत्याला विचारले.

"चिठ्ठी तुझी. गोळा माझा," आत्या म्हणाली. "तू चिठ्ठ्या टाक म्हणालीस, मी टाकू दिल्या."

"आत्या, तू तुझ्याच हाताने पाकिटांकडं चाललीस!"

आवाज ऐकून अध्यक्षबाई दारात आल्या. त्यांना सगळे समजायला एक क्षण पुरला. वाटी खाली ठेवून त्या धाकटीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "द्या तो इकडं. आजपासून मी इथून हलणार नाय. आत्याबाई, मऊ गोळा उचला. उचला म्हणते. आज फुली माझी समजा."

आत्याने मऊ गोळा उचलला, दुसऱ्याचे मूल मांडीवर घ्यावे तसा. पहिली लाटी तिने इतकी सावकाश लाटली, की मला वाटले ती मुद्दाम बिघडवते आहे. मग हात लयीत आला. दुपार सरायच्या आत तिची चादर भरून गेली होती. एकेक पापड उजेडाला धरला तर पलीकडची बोटे दिसत.

अध्यक्षबाईंचा गोळा अर्धाच संपला होता. त्यांच्या कपाळावर घाम होता, लाटणे दोनदा हातून निसटले होते.

"जमतंय का?" धाकटीच्या सासूने गोड आवाजात विचारले.

"तुम्ही तुमचं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी पाहायला सगळ्याच आल्या. आत्याच्या चादरीवर एक तडकलेला सापडला. अध्यक्षबाईंच्या चादरीवर मोजायला दोघी लागल्या, आणि मध्येच एकीला हसू फुटल्याने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

त्यानंतरचे दोन आठवडे चिठ्ठ्या खऱ्या चालल्या. अध्यक्षबाई वाटीजवळून हलल्या नाहीत. फुली जिला येई, तिची चादर फुटे. धाकटी एकदा रडकुंडीला आली. आत्यालाही दोनदा फुली आली, आणि यंत्राने शेवटी जे सांगितले ते मी ओसरीवर वाचून दाखवले: पापड तडकतात ते शेवटच्या गोळ्याने. आणि तो गोळा सगळ्यांत कमी तडकतो, तो आत्याच्या हाती. सरांनी माझ्या प्रारूपाखाली 'ठीक' असे लिहिले, जे त्यांच्याकडून फार होते.

अध्यक्षबाईंनी ते ऐकून लाटणे खाली ठेवले.

"आत्याबाई, मी चुकले."

"तू कुठं चुकलीस? मोजणारीनं दाराला गोणपाट बांधलं."

"आता असं करू. शेवटचा गोळा रोज तुम्हीच घ्या, तुमच्याशिवाय तो कुणाला जमत नाय. आणि त्या गोळ्याचे तडकलेले कुणी मोजायचे नायत. वहीत यायचंच नाय ते."

सगळ्या जणी "व्हय, व्हय" म्हणाल्या. मलाही ते सुंदर वाटले. मी मनात त्यावर एक ओळदेखील रचायला घेतली.

आत्याला ते अजिबात आवडले नाही.

"का? माझे का नाय मोजायचे?"

"अहो, गोळाच तसा—"

"गोळा कसा का असेना. पापड माझे हायत. सगळ्यांचे मोजता, माझ्यावर दया करता काय?" ती माझ्याकडे वळली. "तुझ्या वहीत कितवा गोळा ते लिहायची जागा आहे ना आता?"

"आहे."

"मग तिथं लिही, शेवटचा. आणि पुढं जे निघतील ते लिही."

त्या दुपारी तिने तळाचा गोळा काढला, उखळ खरवडले, मळला, लाटला. मी मुक्कामाला राहिले. सकाळी खाडीवरून मीठ घेऊन वारा येत होता, अंगणातली चादर कडांना थोडी उचलली जात होती. मी गुडघ्यांवर बसून मोजू लागले. ती माझ्या डोक्यावर उभी होती.

"हा बघ. याची कड गेली."

"बारीकशी आहे, आत्या. चालेल."

"गेली म्हणजे गेली. मोज गो."

सात निघाले. मी सात लिहिले. तिने वाकून वहीत पाहिले, आकड्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली, आणि मग उखळ धुवायला गेली.